ॲपने तपासलेली आई

अरे, आज काय झालं सांगते! आई पोळ्या लाटता लाटता डब्याला टेकवलेल्या फोनवर माझ्या धाकट्या बहिणीचा ‘माझी आई’ हा निबंध वाचत होती. लिहिला फोनमधल्या एआयनेच, तपासला शाळेच्या ॲपने. दहापैकी दहा!

“मी कधी गं तुला अंगाई म्हटली?” आईला हसू आलं.

“अगं, वर्गात सगळ्यांच्याच निबंधात आया अंगाई म्हणतात,” धाकटी म्हणाली.

म्हणजे घरोघरी वेगळ्या आया, आणि शाळेत पोचेपर्यंत सगळ्यांची मिळून एकच! आई तरी शेवटपर्यंत वाचत राहिली, आपलं काही सापडतंय का बघत.

मी चिडले. “पिंके, खरी आई लिही ना!”

“बरं ताई, सांग. काय लिहू?”

मी तोंड उघडलं, आणि मलाही काही सुचेना. आई लाटणं थांबवून माझ्याकडे बघत होती.