बेबीताईंच्या लोंबीसाठी

रेझिनचा एक थेंब फरशीवर पडला आणि वेळेत पुसला नाही, की तो तिथलाच होतो. घासा, खरवडा, शिव्या द्या, निघत नाही. आमच्या शनिवारच्या दुपारच्या गोष्टींचं तसंच झालंय. नवीन पनवेलला माझ्या घरची मागची खोली आहे, तिथे आम्ही तिघी बसतो. सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतायचं, रंग घालायचे, कीचेन, कोस्टर, नावाच्या पाट्या काढायच्या. वस्तू लोक घेऊन जातात, किस्से आमच्याकडेच राहतात. आता इतके साठलेत की कुणाला तरी सांगायलाच हवेत!

आम्ही तिघी म्हणजे मी नूतन, खारघरच्या टॉवरमधल्या कुलकर्णी काकू आणि बेबीताई म्हात्रे.

बेबीताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, बाई पत्ता चुकल्या. खाली मोठी गाडी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि त्याच हातात स्टीलचा डबा. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. आत जाडं मीठ. मिठावर मलमलचा तुकडा आणि त्यावर भाताची एक लोंबी, सोन्यासारखी पिवळी.

"ही मला काचेत बसवून द्या."

"काच नाही हो, रेझिन," काकू म्हणाल्या.

"काय असंल ते. पन एकच हाय. दुसरी मिलनार नाय."

त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. त्यांचं घर सगळ्यात शेवटी उठलं. दसऱ्याला दारावर नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर बांधतात, त्याला नवं बांधणं म्हणतात. जुन्या घराच्या दाराला बांधलेल्या शेवटच्या नव्यातली ही लोंबी. फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांच्या वडिलांनी, आबांनी, दाराला काही बांधलं नव्हतं. "शेत नाय तर नवं कसलं?" एवढं बोलले, आणि मग बोलणंच बंद. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. काहीही विचारा, "हं."

"आमचे आबा बांधावरनं वरडले ना, तर पलीकडच्या गावाचे बैल थांबायचे!" बेबीताई म्हणाल्या. "आता माझ्यावर पन वरडत नाय." आणि पटकन डब्याचं झाकण लावलं.

मी सांगितलं, लोंबी एकच आहे, चूक झाली तर संपलं. आधी हात बसू द्या. तुम्ही शिका आणि तुमच्याच हाताने ओता.

"शिकवा मंग," म्हणाल्या, आणि बांगड्या मागे सारल्या.

* * *

रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर मोजून घालावं लागतं. काकू डिजिटल काट्यावर घालतात, काट्यावर माशी बसली तरी पुन्हा मोजतात. बेबीताईंनी पहिल्याच दिवशी कालवणात कोकमाचं आगळ घालावं तसं ओतलं. "अंदाज हाय माझा!"

अंदाज चुकला. दुसऱ्या दिवशीही कोस्टर फेविकॉलसारखा चिकट. बेबीताईंनी तो गॅलरीत उन्हाला ठेवला. उलव्याकडून येणारी बांधकामाची धूळ त्यावर बसली, वर एक कबुतर बसून उठलं, ते पिसं सोडून गेलं.

मी तो फेकणार, तेवढ्यात खारघरची एक इंटिरिअरवाली मुलगी आली. तिने तो हातात घेतला आणि हरखलीच. "ओ माय गॉड, हे टेक्स्चर कसं आणलं?"

बेबीताई शांतपणे म्हणाल्या, "कबूतर ठेवलंय कामाला."

मुलीने तसलेच सहा मागितले!

* * *

आता काकूंचं ऐका. काकूंचं वैर फक्त बुडबुड्यांशी. ओतलेल्या रेझिनमध्ये एक बुडबुडा राहिला तरी त्यांना जेवण जात नाही. टूथपिक घेऊन, चष्मा नाकावर ओढून एकेक फोडत बसतात. बाईंची चिकाटी बघून मी कैकदा मनातल्या मनात हात जोडलेत.

हीट गन मारली की बुडबुडे वर येऊन फुटतात. एकदा ती बिघडली, म्हणून काकूंनी घरीच हेअर ड्रायर लावला, फुल स्पीडवर! शेजारी सोनेरी चमकीची डबी उघडी आणि समोर कुलकर्णी काका, नुकतंच टकलाला तेल लावून पेपर वाचत बसलेले.

काकांना त्याच दिवशी मित्राच्या घरी भेटायला जायचं होतं. मित्र आदल्या आठवड्यात वारलेला. साबण झाला, बेसन झालं, चमकी निघेना. गेले तसेच. तिथे सगळे माना खाली घालून बसलेले, आणि ट्यूबलाइटखाली काकांचं डोकं देवीच्या मुकुटासारखं झगमगतंय!

मित्राच्या बायकोने बराच वेळ बघितलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणे. "भाऊजी, हे असते तर आज तुम्हाला सोडलं नसतं त्यांनी!"

काका घरी आले ते डोळे पुसत. काकूंना म्हणाले, "राहू दे दोन दिवस. घासू नकोस."

* * *

बेबीताईंचा हात बसला आणि बाई सुटल्याच. तयार साचे त्यांना आवडेनात. "त्याच फुलपाखरांचा कटाला आला गो." स्वतःच सिलिकॉन कालवून साचा केला. कशाचा? सुक्या बोंबलाचा!

काकू पक्क्या शाकाहारी. साच्यातून तुकडे काढायचं काम मात्र त्यांचंच, कारण इतकं अलगद कुणालाच जमत नाही. श्वास रोखून, तोंड फिरवून त्यांनी तो बोंबील सोडवला. जबडा, डोळा, शेपटी, सगळं जसंच्या तसं. काकूंनी उजेडात धरला. फिरवून बघितला. मग साबणाने तीनदा हात धुतले.

पुढच्या शनिवारी त्यांच्या फ्लॅटच्या किल्ल्या टेबलावर पडल्या, त्यांना लटकलेला बोंबील!

"काकू?"

"एकही बुडबुडा नाही गं त्यात," काकू लाजून म्हणाल्या. "आणि तो शाकाहारीच आहे."

* * *

एका बाईंची समुद्राच्या ट्रेची ऑर्डर होती. निळंशार पाणी, पांढऱ्या लाटा, फोटो पाठवलेला. रंग बेबीताईंकडे दिला. त्यांनी राखाडी घेतला, त्यात मातकट, वर जरासा हिरवा. ट्रे सुकला तसा माझा चेहराही सुकला. बाईंनी तर बघताच नाक मुरडलं. "समुद्र असा असतो का?"

"करंजाच्या बंदरावर येऊन बघा," बेबीताई म्हणाल्या. "आमचा तरी असाच हाय."

ट्रे पडून राहिला. मग एकदा बेबीताईंचा करंजाचा मावसभाऊ आला. त्याची स्वतःची बोट आहे. ट्रेसमोर उभा राहिला तो हलेचना. ट्रेला बोट लावून म्हणाला, "ओहोटी लागलीय. आता भरती येईस्तवर बोट नाय निघायची."

तो ट्रे आता त्याच्या बोटीवर देवाच्या तसबिरीखाली आहे. त्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "नूतन, आता लोंबी काढायला हरकत नाही."

* * *

लोंबीचा दिवस पावसाळ्यातला निघाला. हवेतल्या ओलाव्याने रेझिन धुरकट होतं, म्हणून मी नको म्हणत होते. बेबीताई ऐकेनात. "आत्ताच ओतायचं. दसऱ्याच्या टायमाला उपयोग नाय." का, ते सांगितलं नाही.

खिडक्या बंद, पंखा बंद. कोपऱ्यात मिठाने भरलेली परात, ओल ओढून घ्यायला. ही बेबीताईंची आयडिया, मिठागरवाल्यांच्या घरची. आधी अर्धा साचा ओतायचा, तो थोडा आळला की लोंबी ठेवायची, वर पुन्हा ओतायचं. नाहीतर लोंबी तरंगते.

बेबीताईंनी डबा उघडला, लोंबी उचलली, आणि तिच्या खालचे चिमूटभर दाणे ओरबाडून काढले!

"अहो! काय करताय!" काकू किंचाळल्या. "एकच आहे ना ती!"

"असू दे." दाणे पदराच्या गाठीत बांधले आणि उरलेली लोंबी साच्यात निजवली.

काकू टूथपिक घेऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवला. काय सांगू! पाण्यासारखं स्वच्छ, आणि आत लोंबी, आत्ता वाऱ्याने हलेल अशी. आम्ही तिघी रडलो. खरंच रडलो, खोटं कशाला बोलू?

बेबीताईंनी ती आबांच्या हातात दिली. आबांनी उलटी केली, सुलटी केली. टीव्हीच्या बाजूला ठेवली.

"हं," म्हणाले.

एवढंच. बेबीताईंनी ते फोनवर सांगितलं. काकू दोन शनिवार टूथपिकला हात लावेनात.

पुढे बेबीताई रेझिनची रिकामी बादली मागून घेऊन गेल्या. मी दिली. मला वाटलं, कपडे भिजवायला असेल.

मग एका शनिवारी आल्या त्या उशिरा. केस विस्कटलेले, नखांत चिखल, बांगड्यांवर चिखल. हातात पेढ्यांचा बॉक्स. आल्या आल्या काकूंच्या तोंडात एक, माझ्या तोंडात एक.

"अहो, कसले पेढे?" काकूंनी भरल्या तोंडाने विचारलं.

"आबा वरडले गो माझ्यावर!" बेबीताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ते लोंबीचे दाने पेरले ना, त्या बादलीसमोर गॅलरीत उभं राहून वरडले! 'रोपं यवढी झाली तरी बादलीत कोंबून ठेवलीस? लावनी कोन करनार, तुझा बाप?' आख्खी सोसायटी बाहेर आली बघायला!"