पॅरलल काढा!

आमच्या शेजारच्या काकांइतका दुसऱ्यांच्या भिंतींत लुडबुड करणारा माणूस अख्ख्या सदाशिव पेठेत सापडायचा नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण कुणाचं इंटरनेट रखडल्याचा नुसता वास आला, की हे टेस्टर खिशाला खोचून दारात हजर. चहा नको, पाणी नको. "पहिली डबी कुठाय?" पहिली डबी म्हणजे बाहेरची फोनची तार घरात जिथे उतरते ती. मोडेम तिथेच हवा, फोनवरची खरखर गाळायला फिल्टर हवा, आणि त्याच तारेवरून आत ओढलेला दुसरा फोन, म्हणजे पॅरलल, तर दिसताच कामा नये. "तारेला फांद्या फुटल्या की स्पीड गळतो," असं आपल्यालाच दरडावतात. माझ्या सासूबाईंना दिवाणावर आडवं पडून बहिणींशी बोलता यावं, म्हणून शोकेसमागून हौसेनं नेलेली वायर त्यांनी माझ्यादेखत कचकन कापली. "अहो, विचारायचं तरी!" मी ओरडलो. "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात." आणि खरा संताप याचा, की त्यानंतर आमचं नेट सुसाट धावायला लागलं.

बरं, स्वतःच्या घरी काय उजेड? दर रविवारी दुपारी जर्मनीतल्या मुलीचा व्हिडिओ कॉल येतो आणि दर रविवारी चित्र थिजतं. नात चालायला लागली, पण या आजोबांनी तिला एका पावलाच्या पुढे पाहिलेलं नाही. मग भिंतीपलीकडून कंपनीचा उद्धार आम्ही जेवताना ऐकायचा! एका रविवारी मी ताट सोडून उठलो, त्यांच्या घरात शिरलो आणि त्यांच्याच थाटात विचारलं, "पहिली डबी कुठाय?" डबीतून निघालेली एक पिवळट वायर चौकटीवरून थेट स्वयंपाकघरात गेली होती. ओट्याशेजारी भिंतीवर लाल फोन. पॅरलल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सासूबाईंचा फोन कापलात, आणि हा काय देव्हारा आहे?"

काका टेस्टर काढून उगाच पुसत राहिले. "हिचा आहे तो," ते म्हणाले. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. "मी बाहेरच्या फोनवर गप्पा मारत बसलो, की ही इथून उचलायची आणि मधेच म्हणायची, 'अहो, पुरे. पान वाढलंय.' पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवायचा. फिल्टर लावून पाहिला हो, पण फांदी ती फांदीच. तीनदा पक्कड घेऊन उभा राहिलो इथे." मी भांडायला म्हणून आणलेली सगळी वाक्यं तशीच घेऊन घरी आलो आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी कॉलच्या आधी मी त्यांचा नंबर फिरवला. मागे नळ ठिबकत होता, म्हणजे फोन स्वयंपाकघरातलाच उचलला होता. "काका, पान वाढलंय. टॅब घेऊन इकडेच या. आमच्या लाइनवर नात खोलीभर चालेल."

पलीकडे नळ घट्ट पिळल्याचा आवाज आला. ठिबकणं थांबलं.

"येतो," ते म्हणाले. "पण तुमच्या फोनला खरखर आहे. फिल्टर बघायला हवा."

खरखर आमच्या फोनला नव्हती.