पाध्ये बाई, बारबोले सर आणि मोक्षाचं भांडण

आमच्या स्टाफरूमचे किस्से मी जमवायला कधी गेले नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात ना, तसे ते साठले. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात!

सोलापुरातली मुलींची शाळा. एकोणीसशे सत्तरनंतरची वर्षं. मी नातेपुत्याहून आलेली, भूगोल शिकवणारी नवी बाई. स्टाफरूमच्या लांब टेबलाच्या एका टोकाला पाध्ये बाई बसत, दुसऱ्या टोकाला बारबोले सर. बाई संस्कृतच्या, सर सायन्सचे.

आता तुम्हाला वाटेल, बाई देवभोळ्या असतील आणि सर चिकित्सक. साफ उलटं! बाई वडिलांच्या हाताखाली वेदान्त शिकलेल्या. आपण कोण, ब्रह्म म्हणजे काय, हे नीट कळल्याशिवाय सुटका नाही, असं त्यांचं ठाम मत. सर बार्शीकडच्या खेड्यातले. वर्गात छापील मराठी बोलायचे, स्टाफरूममध्ये आले की घरची सुरू.

"कळायचं काय त्यात, बाई? पाय धरायचे आन् मोकळं व्हायचं. मोक्षाला काय इंटरव्ह्यू हाय का?"

"आहे तर!" बाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या. "आणि तुम्ही अर्जसुद्धा न करता कॉल-लेटरची वाट बघताय!"

माझा शाळेतला तो पहिला आठवडा. मी चहा सांडला.

*

एकदा सायन्सच्या कपाटाखाली मांजर व्यालं. बाईंना मांजराचा भारी तिटकारा. पण शिकवायची संधी त्या सोडायच्या नाहीत.

"हे बघा, जुन्या लोकांनी दोन दाखले दिलेत. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. तुम्ही शरणागतीवाले म्हणजे दुसऱ्या जातीचे."

"व्हय की!" सर खूश. "आमी मांजराचं पिल्लू!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही आलो, तर मांजरीनं आपला संसार हलवलेला. एक पिल्लू थेट बाईंच्या उघड्या वेदान्ताच्या पुस्तकावर गाढ झोपलेलं! बाई चार हात लांब उभ्या.

सर म्हणाले, "बघा बाई! न शिकता कुटं जाऊन पोचलंय!"

"पोचलंय, पण झोपलंय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर अजून मांजरच आहे!"

पण पिल्लू उठेपर्यंत त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. पुढचा तास पुस्तकाशिवाय घेतला.

*

सर हरले तो दिवसही सांगते. सहामाहीत एका मुलीनं फिजिक्सचा अख्खा पेपर कोरा दिला. वर फक्त एवढंच लिहिलेलं: 'देवा, सगळं तुझ्यावर सोपवलं आहे.'

सरांनी शून्य दिलं. मुलगी रडत स्टाफरूममध्ये आली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो सर? एवढी शरण आली, आणि शून्य?"

"सोपवायच्या आदी आब्यास तरी कराय नगो का?" सर उसळले.

बाईंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "गेली कितीतरी वर्षं मी दुसरं काय म्हणतेय?"

त्या दिवशी सर डबा घेऊन व्हरांड्यात जेवले. आणि त्या मुलीला शाळा सुटल्यावर महिनाभर फुकट शिकवलं न् पास करून सोडलं, तेही सरांनीच!

*

सहलीला अक्कलकोटला गेलो होतो. परतताना एसटी माळरानावर बंद पडली. ऊन रणरणतंय, मुलींच्या बाटल्यांतलं पाणी संपलेलं. ड्रायव्हर बॉनेट उघडून नुसता बघत उभा.

सर लिंबाखाली बसले. "बसा पोरीनो. त्यो हाय की वर. बगतो त्यो."

पाध्ये बाईंनी पदर खोचला आणि दूरच्या वस्तीकडे चालू लागल्या. त्यांचं आजोळ त्याच भागातलं, तिथलं कन्नड अगदी घरच्यासारखं येणार. तासाभरानं धुरळा उडाला. बघतो तर ट्रॅक्टर! मागच्या ट्रॉलीत पाण्याचं पिंप, ओल्या शेंगांचं पोतं, आणि मधोमध बाई उभ्या!

सर टाळ्या पिटत उठले. "बगा! पाठवलं का न्हाय त्यानं?"

"पाठवलं ना," तोंडावरची धूळ पुसत बाई म्हणाल्या. "पण त्याला सांगून ठेवा, पुढच्या वेळी वयानं लहान असेल त्याला पाठव म्हणावं!"

*

हे सगळं हसण्यावारी. पण माझी धाकटी घटसर्पानं आजारी पडली, तेव्हा हसू कुठलं? नवरा नांदेडला बदलीवर. मी एकटी सरकारी दवाखान्यात. पोरीला श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन आमच्याकडे संपलंय, बाहेरून मिळालं तर लगेच आणा.

शाळेत निरोप गेला तसे दोघंही आले. सर खोलीत शिरलेच नाहीत. दारातूनच चिठ्ठी घेतली आणि सायकलवर टांग मारून गेले. बाई माझ्याशेजारी बसल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही एवढं वाचलंय. सांगा ना, काय होईल हो?"

बाईंनी पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "मला नाही माहीत, सुमन." आणि त्यांनी हात जोडले. त्यांना हात जोडताना मी प्रथमच पाहत होते.

गावातली सगळी औषधांची दुकानं पालथी घालून सर परतले तेव्हा घामानं निथळत होते. हातात इंजेक्शन. मला रडू कोसळलं. "सर, देवानंच तुम्हाला पाठवलं!"

"देवाचं मागनं बगू!" सर ओरडले. "आदी नर्सला हाका मार!"

पोरगी वाचली. आज तिचीच पोरं शाळेत जातात. दोघांचे उपकार कसे फेडायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.

*

बाई रिटायर झाल्या आणि वर्षाच्या आत काचबिंदूनं त्यांची नजर गेली. पुस्तकांनी भरलेलं घर, आणि एक अक्षर दिसेना.

तेव्हापासून शाळा सुटली की सरांची सायकल बाईंच्या दारात लागायला लागली. बाईंकडचं वेदान्तावरचं जाडजूड संस्कृत भाष्य ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. सरांना संस्कृत येत नव्हतं. जोडाक्षर आलं की खड्ड्यात चाक गेल्यासारखे अडकायचे. बाई दुरुस्त करायच्या, सर पुन्हा म्हणायचे.

एका संध्याकाळी शेंगांची चटणी घेऊन मी गेले होते. वाचता वाचता सर थांबले.

"बाई, हितलं पान वाळवीनं खाल्लंय."

बाईंनी ते पान तोंडपाठ म्हटलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं. कुठं अडखळणं नाही की थांबणं नाही. सर पुस्तकावर बोट ठेवून ओळीमागून ओळ जुळवत होते.

शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

"बाई, तुमाला सगळंच पाठ हाय?"

"लहानपणापासून."

"मग मी रोज येऊन हे गाढवावानी वाचतोय कशापायी?"

बाई आवाजाच्या रोखानं वळल्या.

"पाठ होतं, सर," त्या म्हणाल्या. "ऐकलं नव्हतं."