बावन्न पायऱ्यांचा हट्ट

आमच्या नणंदबाई एकोणतीस वर्षं पायऱ्या मोजताहेत, आणि त्यातली एकही कुणाला दिसत नाही. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, "ताई, तुम्ही नेमकं करता काय?"

"अणूच्या केंद्रकाला ऊर्जा दिली की ते वर चढतं," भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या. "पण वाटेल तिथं थांबत नाही, ठरलेल्या पायरीवरच थांबतं. खाली पायऱ्या लांब लांब, वर जावं तशा दाट. किती उंचीवर किती दाट, याचा मी अंदाज बांधते."

"अंदाज? आणि त्याचा पगार देतात?"

त्या खो खो हसल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

गेल्या वर्षी मात्र अंदाज अंगाशी आला. त्यांच्या सूत्राप्रमाणे एका केंद्रकात ठरावीक पट्ट्यात बावन्न पायऱ्या हव्या होत्या. प्रयोगशाळेनं न्यूट्रॉनांचा मारा करून मोजल्या, तर भरल्या चव्वेचाळीस. "बाई, तुमचं सूत्र हावरट आहे," त्यांचे साहेब म्हणाले. ते रद्द करून दुसऱ्याचं घ्यायचं ठरलं. अकरा वर्षांचं काम, आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं!

ताईंनी घरी येऊन आलेख जेवणाच्या टेबलावर पसरला. "बघ वहिनी, वर पायऱ्या दाट व्हायला हव्यात, आणि इथं विरळ होताहेत. असं होईल का? दोन अगदी जवळ आल्या की त्यांच्या यंत्राला एकच दिसते."

"आपला तो बाब्या," मी म्हटलं.

"बाब्या तर बाब्या. पण मोजणाराच चुकलाय."

मग दर सोमवारी साहेबांच्या दारात त्या हजर. मागणी एकच: न्यूट्रॉन जरा लांबून पळवा. प्रत्येक पायरीचा न्यूट्रॉन वेगळ्या वेगाचा, त्या वेगावरूनच पायरी ओळखायची. छोट्या शर्यतीत दोघं जोडीनं पोचल्यासारखे वाटतात, लांबच्या शर्यतीत कोण मागं राहिला ते कळतं. साहेब सात महिने टाळत होते. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून हो म्हणाले.

फोन आला शनिवारी दुपारी. ताईंच्या डोक्याला मी रंग लावत होते, अर्धं डोकं झालं होतं. त्यांनी फोन कानापासून चार बोटं लांब धरला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, त्रेपन्न!" त्या ओरडल्या. "अगं, हावरट कसली, मी तर कंजूष निघाले!"

मला इतका आनंद झाला की रंगाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. ब्लाउजची वाट लागली. पलीकडून साहेब सांगत होते, "अभिनंदन बाई, सूत्र राहणार. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं कसं?" ताई म्हणाल्या. "एक जास्त भरलीय ना? ती माझ्याकडून कशी सुटली, ते बघायला नको?"

फोन ठेवून त्या तशाच टेबलाशी जाऊन बसल्या, अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या. मी वाटी घेऊन मागं गेले. आलेखावर मान वाकवून त्या बसल्या होत्या, त्यामुळे उरलेलं अर्धं डोकं रंगवणं मला फार सोपं गेलं.