तपासणीची कुऱ्हाड

टेकडीवरचं रान चार पिढ्या एकाच घरात होतं आणि चार पिढ्यांत कुऱ्हाडही एकच, पणजोबांची. दर हिवाळ्यात कर्त्या माणसानं रानभर हिंडायचं, प्रत्येक खोडाची बोटभर साल उडवायची, आतलं लाकूड बघायचं आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. आता ते काम म्हाताऱ्याकडे होतं आणि त्यावरून लोकांनी त्याला ‘डॉक्टर’ नाव ठेवलं होतं. तोंडानं तो शिव्या द्यायचा, पण मनातून स्वारी खूश असायची.

दोन वर्षांपूर्वी एका सालीखाली लाकूड काळं निघालं. म्हाताऱ्याला रान लेकीच्या हवाली करायचं होतं. आजारी रान तिच्या गळ्यात कसं बांधणार? शिवाय त्याचा धाकटा भाऊ ‘विकून टाका’ म्हणायला टपलेलाच. म्हाताऱ्यानं हूं की चूं न करता ते झाड पाडून जाळलं आणि ओढ्याच्या अलीकडे वर्षाची तपासणी महिन्यावर आणली. झाडं वाळत गेली तसा तो आणखी हिंडू लागला. कुणाला विचारील तर शपथ! असला हट्टी माणूस.

लेक रोपवाटिकेत कामाला होती. ती सुट्टी काढून आली आणि रान बघून तिचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी ती बापामागून चालू लागली. त्यानं एका काळ्या पडलेल्या खोडाची साल उडवली, पातं पँटला पुसलं आणि शेजारच्या धडधाकट झाडावर घाव घातला.

“बाबा, कुऱ्हाड धूत नाही तुम्ही?”

“पाणी लावायचं नाही तिला. आजोबांचा दंडक आहे. घरी गेलो की तेल लावतो.”

लेक जागीच थांबली. “आम्ही एका रोपाला लावलेली कात्री औषधात बुडवल्याशिवाय दुसऱ्याला लावत नाही. मागं वळून बघा ना. वाळलेली झाडं ओळीनं तुमच्याच वाटेवर आहेत.”

म्हाताऱ्यानं वळून बघितलं. वाट त्याच्या पायाखालची होती, झाडन् झाड ओळखीचं. तो मटकन खाली बसला. कुऱ्हाड मात्र त्यानं सोडली नाही.

“असू दे बाबा,” लेक त्याच्याजवळ बसली. “ओढ्यापलीकडची पणजोबांची झाडं अजून हिरवीगार आहेत. त्यांच्यावर पुन्हा सगळं उभं करू. रोग आल्यापासून तिकडे नाही ना गेलात?”

म्हाताऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

“काल गेलो होतो,” तो म्हणाला. “एकही सोडलं नाही.”