पुसलेला आवाज

निखत वकीलबाईंची एक नवी खोड अकोल्याच्या कोर्टात आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. कुणी मजूरबाई आपलं गाऱ्हाणं घेऊन आली, की तिला कामाचं विचारायच्या आधी त्या विचारतात, "घरी तुझा आवाज कुठं ठेवलाय का गं?" बाई गोंधळते. गोंधळेलच. मालकानं हाकलून दिलं म्हणून ती रडत आलेली, आणि ही वकिलीण आवाजाची चौकशी करत बसलीय! बरोबरीचे वकील गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. त्यांना जयवंताबाई भेटलेली नाही.

निखतबाई अर्ध्या वकील, अर्ध्या पत्रकार. सकाळी काळा कोट, दुपारनंतर मोबाईल घेऊन गावोगाव. वीटभट्टीवरचे, कापसाच्या जिनिंगमधले, कोठडीत मार खाऊन आलेले, ज्यांना मोठे पेपर आतल्या पानाच्या कोपऱ्यातही घेत नाहीत, त्यांचं म्हणणं त्या आपल्या यूट्यूब चॅनेलवर ऐकवतात. लग्न केलं नाही. त्यांची आई म्हणायची, हिचा निकाह कोर्टाशी लागलाय आणि मोबाईल सवत म्हणून आलाय. आईच्या बोलण्यात तसं खोटं काही नव्हतं.

सुरुवातीच्या काळात त्यांच्या हातून एक घोळ झाला होता. श्रावण नावाच्या एका वीटभट्टी मजुराची मूळ ध्वनिफीत फोनमध्येच राहिली, फोन नको त्या हातात गेला, आणि श्रावणला बायकापोरांसकट गाव सोडावं लागलं. तेव्हापासून निखतबाईंनी नियम केला. साक्ष घ्यायची, अमरावतीला सरफराज नावाच्या शूटिंगवाल्याकडे जाऊन आवाज पार बदलून घ्यायचा, बदललेला आवाज बोलणाऱ्याला ऐकवायचा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मूळ आवाज पुसून टाकायचा. "पुसला. बघ, आहे का कुठं?" असं म्हणून फोन त्याच्या हातात द्यायचा. या एका गोष्टीवर माणसं त्यांच्यापाशी काळीज उघडं करत. त्यांना या नियमाचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

चांदूर बाजारकडची दामिनी अशीच बोलली होती. धामणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये सोबतिणीचा पदर यंत्रात गेला, बाई जागच्या जागी गेली, आणि मालकानं ती पायरीवरून घसरून पडली असं सांगून प्रकरण दाबलं. दामिनीनं सगळं पाहिलं होतं. पोरगी भीत भीत आली, पण बोलायला लागली तेव्हा थांबेना. निखतबाईंना ती फार आवडली. निघताना म्हणाली, "बाई, माया आवाज लय खराब हाये ना? तुमी बदलवता ते बरंच हाये." आणि खळखळून हसली. तिच्या सांगण्यावरून चौकशी लागली, यंत्रांना जाळ्या बसल्या, मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागली. बोललं कोण, ते कुणालाही कळलं नाही.

पुढच्या वर्षी दामिनी तापानं गेली. त्यात कुणाचा हात नव्हता. नुसता ताप.

आणि एके दुपारी तिची आई जयवंता, एसटीनं अकोल्याला येऊन, कोर्टाच्या आवारात निखतबाईंसमोर उभी राहिली.

"वकीलबाई, माया पोरीचा आवाज हाये ना तुमच्यापाशी?"

निखतबाईंनी तिला हाताला धरून बाकावर बसवलं.

"तिचा फोटो हाये मायापाशी," जयवंता म्हणाली. "डोये मिटले का तोंड दिसते मले. पन आवाज चालला, बाई. आमच्या घरी सादा बटनाचा फोन. त्यात काई राह्यत नाई. ती मले हाका मारते असं मनात आनतो, तं माह्याच आवाजात आयकू येते. एक डाव आयकवा. मंग जाईन मी."

कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बाईंनी खाली मान घातली. म्हणाल्या, "मावशी, मी तो पुसला."

"काहून?"

कारण सांगितलं. जयवंतानं ते ऐकून घेतलं, ती रागावली नाही, आणि म्हणूनच निखतबाईंना ते जास्त लागलं. त्या तिला घेऊन तशाच अमरावतीच्या गाडीत बसल्या. वाटेत त्यांनी स्वतः तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द सगळे आठवत होते. हसली होती हेही आठवत होतं. कसं हसली होती, ते मात्र काही केल्या कानाशी येईना. तो आवाज शेवटचा आपल्या हातात होता आणि आपणच तो घालवला, या विचारानं बडनेरा येईपर्यंत त्यांना खिडकीबाहेर पाहत राहावं लागलं.

सरफराज म्हणजे लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा गडी, पण आवाजाच्या कामात पक्का. उलटं फिरवून मूळ आवाज काढता येईल का, असं विचारताच त्यानं कपाळाला हात लावला.

"आपा, आप ही तो बोले थे, कोई कितना भी उलटा घुमाए, कुछ निकलना नहीं चाहिए. अब नहीं निकलता."

जयवंता स्टुलावर बसली होती. म्हणाली, "जे हाये थेच आयकवा."

सरफराजनं लावलं. खोल विहिरीतून यावा तसा एक जाड, घोगरा आवाज खोलीत भरला. जयवंता जरा वेळ ऐकत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"हा कोन मानूस होय?"

निखतबाईंनी बंद करायला हात पुढं केला. तेवढ्यात त्या घोगऱ्या आवाजानं पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी जीभ टाळूला लावून 'टॉक्' केलं.

"थांबा!" जयवंता उठून उभी राहिली. "मांगं घ्या."

मागं घेतलं. पुन्हा तेच. मग घोगरं वाक्य, मग पुन्हा टॉक्. प्रत्येक गोष्ट सांगण्याआधी, टॉक्. हा बदललेला आवाज चॅनेलवर लावायच्या आधी निखतबाईंनी किती वेळा ऐकला होता, आणि ही खूण त्यांच्या लक्षातच आली नव्हती! दामिनीला जवळून ओळखणारं कुणी ऐकतं, तर पोरगी तिथंच पकडली गेली असती. इतक्या वर्षांच्या त्यांच्या नियमाला हे एवढं मोठं भोक पडलं होतं. आणि त्या मनातून देवाचे आभार मानत होत्या, की ते पडलं.

जयवंता आता त्या काळ्या स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिनं डोक्यावरचा पदर कानामागं सारला. पुन्हा टॉक् झालं, तशी तिनं स्पीकरवर हलकेच चापट मारली.

"कितीक डाव सांगतलं तुले, नीट बोलत जाय," ती म्हणाली. "बकऱ्या हाकून राह्यली काय?"

आणि उत्तर येईल म्हणून थांबली.