शालिकरामनं ओवलेली माळ

लिही गा, सावकाश लिही. वच्छलाचं घर आमच्या भिंतीले भिंत लागून. कोष्ट्याची सून, पण शिकलेली. दुष्काळाच्या सालची गोष्ट. थे सरकारी हापिसात मशीनीवर पुठ्ठ्याले भोकं पाडे. एका गावाचा एक पुठ्ठा. गावात इहिरी किती, पाणी किती खोल, सारं त्या भोकाइत.

सासरा शालिकराम म्हणे, "ना अक्षर ना आकडा, हे वाचते कोण वं?"

"कम्प्युटर वाचते, मामाजी. तुमचा माग नाही का वाचत?"

म्हातारा खुश होऊन जाय. त्याच्या मागावरबी लुगड्याच्या काठाची नक्शी पुठ्ठ्याच्या भोकाइतच राहे ना!

वच्छलाची नोकरी कच्ची होती. हे काम नीट पोचलं त पक्की, नाहीत घरी बसा. शनिवारी थे पुठ्ठ्याचा गठ्ठा घरी घेऊन आली. कम्प्युटर होता दुसऱ्या हापिसात, सोमवारी तिथं परभारे नेऊन द्याचा होता.

रविवारी बाजारातून येऊन पाह्यते त काय, म्हातारा सुई-दोरा घेऊन बसलेला. साऱ्या पुठ्ठ्याइची माळ ओवून टाकलेली!

"मामाजी! हे काय केलं जी?"

"अवं, गठ्ठ्याची सुतळी तुटली. पुठ्ठे मागंपुढं झाले त नक्शी बिघडते. म्हून ओवले, जसेच्या तसे. कोष्ट्याच्या घरात येवढंबी शिकली नाही का?"

वच्छलानं एकेक पुठ्ठा उलटून पाह्यला. काठाकाठाले सुईचे छेद. "असे पुठ्ठे कम्प्युटरात अडकतेत, मामाजी. गेली माही नोकरी."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. भाकर वाढली त ताट सरकवून दिलं. सकाळीबी चहाच्या पाण्याले हात नाही लावला.

सोमवारी वच्छला माळ पिशवीत घालून आपल्याच हापिसात गेली. तिथल्या मोठ्या बाई कुसुमताई. त्याइनं माळ वर उचलली.

"हे काय वं, दाराले तोरण बांधाचं हाय का?"

वच्छलाले रडूच फुटलं. कुसुमताईनं चष्मा लावून पुठ्ठे उजेडात धरले.

"रडून काहून राहिली? मधातले भोकं त साबूत हायेत. कम्प्युटरात नाही जात, पण आपली लहान मशीन एकेक पुठ्ठा घेते. दोरा काढ, जुना इकडून लाव, कोरा तिकडून. जसे भोकं तसेच नव्यावर पडतेत. पुठ्ठा फाटला म्हून गावची इहीर आटते का?"

दोघी दिवसभर मशीनीवर बसल्या. सांजच्याले नवा गठ्ठा पोचला, अन् कुसुमताईनं तिचं नाव पक्क्यात धाडलं.

घरी आली त म्हातारा उंबऱ्यावरच. "कामावरून काढलं का वं?"

"पक्की केली जी! भोकं नव्या पुठ्ठ्यावर उतरवले."

"म्हंजे पुठ्ठा झिजला का आमी नवा पाडतो, तसंच?"

"तसंच, मामाजी."

"मंग नक्शी गेलीच नव्हती!" म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. "मले कालच नाही का सांगाचं? पोटात कावळे बोंबलून राहिले. वाढ लवकर!"

पण ताटावर बसाच्या आधी स्टुलावर चढून सुईची डबी त्यानं उंच फळीवर ठेवली. खाली उतरल्यावर आपल्याच हाताले पुरणार नाही, येवढी उंच.